झेल होता की नव्हता? एनएफएलच्या वादात उतरण्यापूर्वी
अमेरिकन फुटबॉलच्या या व्यावसायिक लीगमध्ये पंचांच्या निर्णयावर वाद घालायचा असेल, तर मैदानावर मूळ निर्णय काय दिला गेला होता, हे सर्वप्रथम पाहावे; कारण तो फिरवण्यासाठी चित्रफितीत स्पष्ट पुरावा लागतो आणि पुरावा संदिग्ध असेल तर मूळ निर्णयच कायम राहतो.

त्यानंतर त्या दिवशी लागू असलेला नियम वाचावा. ११ जानेवारी २०१५ रोजी ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर डॅलस संघाच्या डेझ ब्रायंटने चौथ्या डाउनला (चेंडू पुढे नेण्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात) उंच उडी घेऊन चेंडू पकडला, तोल जाता जाता पावले टाकत तो गोलरेषेकडे झेपावला आणि जमिनीवर आपटताच चेंडू उसळला. आधी दिलेला झेल यजमान पॅकर्स संघाच्या आव्हानानंतर रद्द झाला आणि पॅकर्सनी सामना २६-२१ असा जिंकला. पडणाऱ्या खेळाडूने जमिनीवर आदळल्यानंतरही ताबा राखलाच पाहिजे, असे तेव्हाचा नियम सांगत होता. (माझ्या मते दोष पंचांचा नव्हता, नियमाचा होता.) २०१८ मध्ये ही अट गेली, आता ताबा, दोन्ही पाय मैदानाच्या आत आणि तिसरे पाऊल किंवा चेंडू पुढे नेण्यासारखी कृती पुरते. म्हणून ‘आज तो झेल ठरला असता’ आणि ‘तेव्हा पंच चुकले’ ही दोन विधाने एकमेकांत मिसळू नयेत.

चित्रफीत पाहताना चेंडू हातात स्थिरावल्याचा क्षण आधी निश्चित करावा आणि तेथून पावले मोजावीत. मंद गतीत ताबा प्रत्यक्षापेक्षा दीर्घ भासतो, त्यामुळे तोच प्रसंग मूळ वेगातही एकदा पाहावा.