डेअरीच्या सॉफ्टवेअरसाठी डॉकरमधला लोकल सर्व्हर: पहिल्यांदा अप करायच्या आधी काय काय बघायचं

चिकोडी, निपाणी, खानापूर, कुठंही जावा, गावात कंप्यूटर शिकलेलं एखादं पोरगं असलं की त्याच्याकडं दूध डेअरीचं काम हमखास येतंय. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), त्यावरनं दर, आणि शेवटी बिल. ऐकायला सोपं आहे. खरं सभासदांची निम्मी नावं मराठीत निम्मी कन्नडात, वरनं येणारे कागद कन्नडात, आणि बिलावरचे आकडे इंग्रजीत पाहिजेत, असं सगळं एकाच टेबलात बसवायचं असतं. आत्तापर्यंत सगळ्यांनी झॅम्पवर (अपाचे, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) भागवलं, एक प्रोजेक्ट असेपर्यंत भागतंय पण, खरं एकाला जुनं पीएचपी आणि दुसऱ्याला नवीन लागालं की ओढाताण सुरू. म्हणून कंटेनर, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला त्याच्या त्याच्या व्हर्जनचा वेगळा डबा, आणि ते डबे चालवणारं डॉकर.

यूट्यूबवर डॉकरचे व्हिडिओ ढिगानं आहेत, त्यामुळं डॉकर म्हणजे काय यावर मी वेळ घालवत नाही. एवढंच ध्यानात ठेवा: इमेज म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला पॅटर्न आणि कंटेनर म्हणजे त्यावरनं पडलेलं कास्टिंग. कास्टिंग मोडलं तर मोडू दे, पॅटर्न आहे तोवर दुसरं पाडता येतं. डेटा मात्र दोन्हीत ठेवायचा नाही, तो वेगळ्या व्हॉल्यूममध्ये (कंटेनर मोडला तरी टिकणारी डॉकरची डेटाची जागा). आणि माझं सगळं सांगणं त्या व्हॉल्यूमवरच आहे, कारण त्यातल्या बऱ्याच सेटिंग फक्त पहिल्यांदा चालू करतानाच लागू होतात, नंतर तुम्ही फाईलमध्ये कितीही बदला, ते ढुंकून बघत नाही.

कमांड इथं आपण तोंडानं म्हणतो तशा लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीत, आकडेही इंग्रजी, स्पेस आणि डॅश आहे तसेच.

विंडोजवाल्यांनी आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करून व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड आहे का बघायचं. नसलं तर बायोसमध्ये जाऊन चालू करायला लागतंय, त्याशिवाय पुढचं काहीच होणार नाही. मग पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

एवढी एक कमांड (डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय), रीस्टार्ट, उबुंटू लिनक्स येतंय. त्यावर डॉकर डेस्कटॉप. शिकणाऱ्याला आणि छोट्या धंद्याला ते फुकट आहे (२५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत, म्हणजे आपल्याला काही प्रश्नच नाही). लिनक्स असलं तर डॉकर डेस्कटॉपची गरजच नाही, नुसतं डॉकर इंजिन टाका, आपला यूजर डॉकर ग्रुपमध्ये घाला आणि एकदा लॉगआउट होऊन परत लॉगिन करा, नाहीतर दर कमांडला सुडो लावत बसाल.

८ जीबी रॅमचा लॅपटॉप असला तर हे करूनच पुढं जावा: डब्ल्यूएसएल स्वतःहून निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतंय, वर क्रोम उघडलं की लॅपटॉप रडालाय. आपल्या यूजर फोल्डरमध्ये .डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाईल करून [डब्ल्यूएसएल२] या ओळीखाली मेमरी=३जीबी लिहायचं, मग डब्ल्यूएसएल --शटडाउन. डेअरीच्या कामाला ३ जीबी भरपूर झालं.

आता फोल्डर. सी ड्राइव्हवर डेस्कटॉपवर करू नका. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये होम फोल्डरातच डेअरी नावाचा फोल्डर करा, त्यात कोडसाठी एसआरसी आणि डेटाबेसच्या सुरुवातीच्या फाईलसाठी एसक्यूएल. सी ड्राइव्हवरनं फाईल वाचायला कंटेनरला दर वेळी विंडोजची वेस ओलांडून जायला लागतंय, पान उघडायला वेळ लागतोय आणि मग लोक डॉकरला शिव्या घालतात. दुसरं म्हणजे विंडोजला हेडर मोठ्या एचनं काय आणि लहान एचनं काय सारखंच, लिनक्सला ते दोन वेगळे. लिनक्सच्या फोल्डरात काम केलं की ही चूक पहिल्याच दिवशी कळते, खऱ्या सर्व्हरवर चढवल्यावर नाही.

डॉकरफाईल, म्हणजे आपली इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाईल, अगदी छोटी. पहिली ओळ फ्रॉम पीएचपी:८.३-अपाचे. दुसरी ओळ रन डॉकर-पीएचपी-एक्स्ट-इन्स्टॉल मायएसक्यूएलआय पीडीओ_मायएसक्यूएल. ही दुसरी ओळ विसरायची नाही, कारण अधिकृत पीएचपी इमेजमध्ये डेटाबेसशी बोलायची ही एक्स्टेन्शन नसतात, झॅम्पमध्ये ती आयती मिळायची म्हणून कुणाच्या ध्यानातच येत नाही. तिसरी ओळ आपल्या टाइमझोनची आयएनआय फाईल /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीएचपी/कॉन्फ.डी/ मध्ये कॉपी करायची, त्यात काय लिहायचं ते खाली येतंय.

मग कंपोझ.यामल, म्हणजे कुठले कंटेनर कसे चालू करायचे ते सांगणारी फाईल. जुन्या ट्युटोरियलमध्ये वर व्हर्जन लिहिलेलं असतं, ते आता लागत नाही, लिहिलं तर उगाच वॉर्निंग येते. दोन सर्व्हिस करायच्या, एक वेब आणि एक डीबी.

वेबमध्ये बिल्ड: . आणि पोर्ट "१२७.०.०.१:८०८०:८०", व्हॉल्यूम ./एसआरसी:/व्हीएआर/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल. पुढचा १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) काढून टाकला तरी चालतंय, खरं मग त्याच वायफायवरच्या कुणालाही तुमचं पान उघडता येतं, आणि लिनक्सवर तर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावलेली असली तरी डॉकर तिला वळसा घालून पोर्ट उघडतंय. मोबाईलवर पान कसं दिसतंय बघायचं असलं तर तेवढ्यापुरता काढा आणि परत लावा. डीबीला पोर्टच देऊ नका, वेबला तो आतनं मिळतोच. डीबीला बाहेर ३३०६ दिलात आणि मागं झॅम्पचं मायएसक्यूएल चालू असलं की पोर्ट आधीच वापरात आहे म्हणून एरर येणार, ते वेगळंच.

डीबीमध्ये इमेज मारियाडीबी:११.४ (मायएसक्यूएलच्याच घरातला डेटाबेस). व्हॉल्यूम डेअरीडेटा:/व्हीएआर/एलआयबी/मायएसक्यूएल, आणि ./एसक्यूएल जोडायचं /डॉकर-एंट्रीपॉइंट-इनिटडीबी.डी ला. फाईलच्या शेवटी व्हॉल्यूम्सखाली डेअरीडेटा: असं नाव परत एकदा लिहायला लागतंय. एन्व्हायर्नमेंटमध्ये चार गोष्टी: मारियाडीबी_रूट_पासवर्ड, मारियाडीबी_डेटाबेस, मारियाडीबी_यूजर, मारियाडीबी_पासवर्ड. आणि कमांडमध्ये हे तीन:

--कॅरेक्टर-सेट-सर्व्हर=यूटीएफ८एमबी४
--कोलेशन-सर्व्हर=यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय
--डीफॉल्ट-टाइम-झोन=+०५:३०

पहिली ओळ अक्षरं साठवायच्या पद्धतीची (यूटीएफ८एमबी४ मध्ये मराठी, कन्नड सगळं बसतं), दुसरी नावं क्रमानं लावायची, तिसरी वेळेची. हे तिन्ही पहिल्या अपच्या (कंटेनर पहिल्यांदा चालू करायच्या) आधीच घाला. कॅरेक्टर सेट नंतर बदलला तर तो नवीन डेटाबेसला लागतो, आधी बनलेली टेबलं आपल्या जुन्या सेटवरच बसतात. पासवर्डचं तर त्याहून वाईट, आज अपलं, उद्या कंपोझ फाईलमध्ये पासवर्ड बदलला, परत अपलं, तरी जुनाच पासवर्ड चालतो आणि नव्याला अ‍ॅक्सेस डिनाइड. कारण ते चार व्हेरिएबल डेटाचा फोल्डर रिकामा असतानाच वाचले जातात. एसक्यूएल फोल्डरातल्या फाईलचंही तेच, टेबलाची नवीन फाईल टाकून दहा वेळा रीस्टार्ट मारलं तरी ती चालणार नाही. सुरुवातीला डेटाच नाही तोवर सरळ

डॉकर कंपोझ डाउन -व्ही

मारून नव्यानं अप करायचं. हा -व्ही व्हॉल्यूम उडवतोय, म्हणजे सगळ्या सभासदांसकट डेटाबेस साफ. खरा डेटा आत गेला की ही कमांड हाताला लागू द्यायची नाही, नुसतं डाउन पुरे.

टाइमझोन मी एवढं लावून का धरालोय ते सांगतो. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतं, आपल्या साडेपाच तास मागं. दिवसभर टेस्ट केलं तर वेळ चुकीची दिसंल, खरं तारीख बरोबरच असते म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. डेअरीत कॅन घेऊन लोक पहाटे पाचला उभे असतात. ५ वाजून १० मिनिटांनी घातलेली एंट्री यूटीसीत आदल्या दिवशीच्या रात्री ११:४० ला पडते, म्हणजे सकाळचं दूध कालच्या तारखेला, आणि साडेपाचनंतर आलेल्याचं आजच्या. एकाच सकाळचं दूध दोन तारखांत वाटलं जातं, बिलाला बसल्यावर ताळमेळच लागत नाही. डेटाबेसला +०५:३० दिलं तरी पीएचपी वेगळं सांगायला लागतंय, ते कंटेनरचा टीझेड व्हेरिएबल बघत नाही, म्हणून त्या आयएनआय फाईलमध्ये डेट.टाइमझोन = आशिया/कोलकाता ही ओळ. दोन्हीकडं आत्ताची वेळ छापून घ्या आणि भिंतीवरच्या घड्याळाशी लावून बघा.

आता

डॉकर कंपोझ अप -डी --बिल्ड

पहिल्यांदा इमेज उतरायला नेटप्रमाणं वेळ लागणार. झाल्यावर डॉकर कंपोझ पीएस, दोन्ही अप दिसले की ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८०. एसआरसी रिकामं असलं तर फॉरबिडन दिसंल, घाबरायचं नाही, अपाचे चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. एक इंडेक्स.पीएचपी टाका.

इथनं पुढं ज्याला त्याला जो एरर येतो तो कनेक्शनचा. झॅम्पवरचा कोड उचलून आणला की त्यात होस्ट लोकलहोस्ट असतं, आणि पीएचपी म्हणतं नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. मग लोक तासभर फाईल हुडकतात. फाईल कुठलीच हरवलेली नसते. लोकलहोस्ट म्हटलं की पीएचपी आपल्याच कंटेनरात मायएसक्यूएलची सॉकेट फाईल शोधतंय, आणि डेटाबेस तर शेजारच्या कंटेनरात आहे. होस्ट म्हणून सर्व्हिसचं नाव लिहायचं, नुसतं डीबी. कनेक्शन झाल्या झाल्या सेट_कॅरसेट यूटीएफ८एमबी४ सुद्धा सांगून टाकायचं, डीफॉल्टवर विसंबायचं नाही.

कधी कधी एरर कनेक्शन रिफ्यूज्ड असा येतो आणि दोन मिनिटांनी आपोआप जातो. वेब आधी उठलं आणि डेटाबेस अजून तयार होवालाय एवढंच असतं. डिपेंड्स_ऑन नुसतं लिहून उपयोग नाही, ते कंटेनर चालू झाला का एवढंच बघतं. डीबीला हेल्थचेक द्या, इमेजमध्येच हेल्थचेक.एसएच आहे, त्याला --कनेक्ट --इनोडीबी_इनिशियलाइज्ड लावा, आणि वेबमध्ये कंडिशन सर्व्हिस_हेल्दी.

नावांची तपासणी मात्र सावकाश करा, पानावर बरोबर दिसतंय म्हणून सोडू नका. एक नाव मराठीत, एक कन्नड लिपीत घाला. मग

डॉकर कंपोझ एक्झेक डीबी मारियाडीबी -यू रूट -पी --डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४

करून आत जावा (जुन्या ट्युटोरियलमधलं मायएसक्यूएल हे नाव ११ च्या इमेजमध्ये नाही, कमांड नॉट फाउंड म्हणेल, मारियाडीबी असंच लिहायचं). आत लेंग्थ (बाइट मोजतं) आणि कॅर_लेंग्थ (चिन्हं मोजतं) दोन्ही काढून बघा. देवनागरी काय आणि कन्नड काय, एकेक अक्षरचिन्ह ३ बाइटचं. "बेळगाव" मध्ये काना-मात्रा धरून ६ चिन्हं, म्हणजे लेंग्थ १८ आणि कॅर_लेंग्थ ६ यायला पाहिजे. दोन्हीकडं त्याहून भलतंच, कॅर_लेंग्थच १८ दिसालं तर डेटा उलटा शिरलाय. चुकीच्या कनेक्शननं घातला आणि त्याच चुकीच्या कनेक्शननं वाचला की पानावर तो छान दिसतो, आणि ज्या दिवशी कुणी दुसरा बरोबर कनेक्शन लावून वाचतो त्या दिवशी सगळी नावं गचाळ. एसक्यूएल फोल्डरातल्या प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत सेट नेम्स यूटीएफ८एमबी४; घाला, कारण ही भानगड बरीचशी तिथंच होते. यादी नावाप्रमाणं लावली की आधी देवनागरी मग कन्नड असं येणार, ते बरोबर आहे, दोन्ही लिप्या उच्चाराप्रमाणं एकत्र मिसळून पाहिजेत असलं तर वेगळा कॉलम ठेवायला लागंल.

लाईटचं सांगायलाच नको. लॅपटॉप असला तर ठीक, डेस्कटॉप असला तर लाईट गेली की डेटाबेस तसाच आडवा. दोन्ही सर्व्हिसला रीस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड लिहून ठेवा, डॉकर उठलं की आपोआप उठतील. पुढच्या वेळी डॉकर कंपोझ लॉग्स डीबी मध्ये क्रॅश रिकव्हरी असं काही दिसालं तर मधेच बंद करू नका, त्याला त्याचं काम करू द्या.

बॅकअप उबुंटूच्या टर्मिनलमधनंच घ्यायचा:

डॉकर कंपोझ एक्झेक -टी डीबी मारियाडीबी-डंप -यू रूट -पीपासवर्ड डेअरी > बॅकअप.एसक्यूएल

पासवर्ड -पी ला चिकटून, मधे स्पेस नाही. पुढचं डेअरी म्हणजे मारियाडीबी_डेटाबेस मध्ये दिलेलं डेटाबेसचं नाव. हीच कमांड विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये मारली तर ते > चिन्ह फाईल यूटीएफ-१६ मध्ये लिहितंय आणि जाता जाता मराठी-कन्नड अक्षरांची वाट लावतंय. फाईल तयार होते, साइजही बरी दिसते, म्हणून तर ते जास्त वाईट. बॅकअप घेतला की उघडून एक नाव डोळ्यांनी वाचा.

जांबोटी-कणकुंबीकडच्या कुणा मित्राला हाच सेटअप द्यायचा असला आणि तिकडं नेट नसलंच तर इमेज परत उतरवायची गरज नाही. डॉकर इमेजेस मध्ये नावं बघून डॉकर सेव्ह -ओ डेअरी.टार आणि पुढं दोन्ही इमेजची नावं, ती फाईल पेनड्राइव्हवर, तिकडं डॉकर लोड -आय डेअरी.टार. सोबत सगळा डेअरी फोल्डर आणि बॅकअप.एसक्यूएल पण द्या, कारण सेव्हमध्ये फक्त इमेज जातात, व्हॉल्यूम जात नाही. तिकडं अप मारायच्या आधी बॅकअप.एसक्यूएल त्याच एसक्यूएल फोल्डरात टाकायची आणि आधीच्या टेबलाच्या फाईल तिथनं काढायच्या. व्हॉल्यूम नवीन आणि रिकामा असल्यामुळं या वेळी ती बिनबोभाट चालते. मित्राला --बिल्ड लावू नको म्हणून सांगा, नाहीतर ते परत नेट मागत बसंल.