दशमांश कसा काढावा, कुठे द्यावा आणि कुठे चुकतं

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की आपण ख्रिस्ती लोकांनी पहिल्यांदा दशमांश, म्हणजे मिळकतीतला देवासाठीचा दहावा भाग, बाजूला काढायचा. किराणा, घराचा हप्ता, मुलांची फी त्यानंतर. ‘महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ’ म्हटलं की उरत काहीच नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रे 3:9 मध्ये प्रथमफळाने, म्हणजे उत्पन्नाच्या पहिल्या वाट्याने, परमेश्वराचा सन्मान करायला सांगितलं आहे. पहिला वाटा देताना पुढचा महिना कसा जाणार हे आपल्याला माहीत नसतं. विश्वास लागतो तो नेमका तिथे, रकमेच्या आकड्यात नाही.

आता हिशेब. भोसरीतल्या कारखान्यात एकूण पगार 38,000 आहे असं धरा. पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 कापून हातात 36,000 येतात. एकूण पगारावर दशमांश 3,800, हातातल्या पगारावर 3,600. दोन्ही पद्धतींनी देणारी भाविक माणसं आहेत. एक ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा. हातातल्या पगारावर देत असाल तर पीएफ पुढे मिळेल तेव्हा त्याचाही दशमांश निघतो, हे आजच वहीत लिहून ठेवा. दिवाळीचा बोनस आणि ओव्हरटाइम मिळकतीत धरा. कर्जाची रक्कम किंवा उसने दिलेले परत आलेले पैसे ही मिळकत नव्हे.

रोजच्या कमाईवाल्यांचं गणित वेगळं. रिक्षाचा दिवसाचा गल्ला 1,400, त्यातून सीएनजी 400 आणि गाडीचं भाडं 300 गेलं तर कमाई 700, दशमांश 70. हे 70 रुपये रात्रीच वेगळ्या पाकिटात टाका. शनिवारपर्यंत डोक्यात ठेवलेला आकडा हमखास कमी होतो. मार्केट यार्डातून माल उचलणाऱ्यांनी खरेदी, हमाली आणि टेम्पो वजा करावा, घरखर्च मात्र वजा करू नये. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: घरभाडं, लाइट बिल, शाळेची फी काढून उरलेल्याचा दहावा भाग म्हणजे दशमांश नव्हे.

द्यायचा कुठे? जिथे तुमची रविवारची उपासना होते आणि पाळक (चर्चचे धर्मगुरू) आजारपणात घरी येतात, त्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. मग ती गुरुवार पेठेतल्या पंच हौदाची असो की हडपसरची. मंडळीचं पाकीट असेल तर त्यावर नाव, महिना आणि रक्कम लिहा, पावती घ्या. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या खात्याचं नाव दिसलं पाहिजे. कुणाचं वैयक्तिक नाव आलं तर थांबा आणि खजिनदारांना विचारा. विचारण्यात अविश्वास नाही. निराधार स्त्रिया आणि मुलांना सांभाळणाऱ्या केडगावच्या मुक्ती मिशनसारख्या कामाला किंवा अडचणीतल्या नातेवाइकाला द्यायचं ते दशमांशावर वेगळं अर्पण म्हणून द्यावं, असं आमचं मत. अनुवाद 14:28-29 मध्ये मात्र तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), उपरी (परके), अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवलेला आहे. त्यामुळे मंडळीनेही गरिबांचा वाटा काढला पाहिजे, आणि वार्षिक सभेत तो हिशेब मागायचा सभासदांना हक्क आहे. पाळकही यातून सुटत नाहीत: गणना 18:26 प्रमाणे लेव्यांनाही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश द्यावा लागे.

मलाखी 3:10 (दशमांश आणा, म्हणजे मी आशीर्वादांचा वर्षाव करीन) ऐकवून ‘दहा द्या, शंभर मिळतील’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा. आशीर्वाद विकत मिळत नाही. मत्तय 23:23 मध्ये प्रभू येशू पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश देणाऱ्यांना न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल खडसावतो. म्हणून घरातल्या मोलकरणीचा पगार थकवून पाकीट भरू नका.

कर्ज डोईजड असेल तर उधार घेऊन दशमांश देऊ नका. 3 टक्क्यांपासून सुरुवात करा, एक हप्ता फिटला की 5, मग 10. प्रेषित पौल 2 करिंथ 8:12 मध्ये म्हणतो, ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने त्याचं दान मान्य होतं. जोडीदार राजी नसेल तर चोरून देऊ नका. स्वतःच्या कमाईतून, त्याला किंवा तिला सांगून, झेपेल तेवढं द्या.

करसवलतीच्या भरवशावर रक्कम ठरवू नका. निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या देणगीवर सहसा आयकरातली देणगीची वजावट (जिला 80जी म्हणतात) मिळत नाही. ज्या संस्थेला ती मान्यता आहे तिथेही 2,000 रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावटच नाही.