सुतारकामाचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा

व्हिडिओ लावण्याआधी त्याच्या खालचं वर्णन उघडा आणि तळापर्यंत वाचा. हत्यारांच्या वीसेक लिंक दिल्यात, पण लाकूड कोणतं, फळीची जाडी किती, पायांची उंची काय, याचा पत्ता नाही? मग पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज तिथेच येतो. तरी बघायचाच असेल तर बघा, मात्र पहिल्या वेळी आवाज बंद ठेवा.

माझं पूर्वीचं काम व्हिडिओ एडिटिंगचं. वर्कशॉपमधलं चित्रीकरण माझ्याकडे ढिगाने यायचं आणि ते कापता कापताच मला रंधा-पटाशीची ओढ लागली. आता स्टुलं, पेट्या, छोटी कपाटं असं काही ना काही करत असते. जुनी सवय मात्र सुटलेली नाही. पडद्यावर कुणी करवत उचलली की माझे डोळे आधी शोधतात ते चित्रीकरणाला कात्री कुठे लागली आहे. शिकायला म्हणून व्हिडिओ बघणाऱ्याने हीच सवय लावून घ्यावी.

संगीत ही एडिटरची लांबी, म्हणजे पुट्टी. फटी बुजवायला वापरतात. आवाज बंद केला की त्या फटी उघड्या पडतात. डव्हटेलच्या सांध्याचा, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवण्याचा, कुठलाही झटपट व्हिडिओ घ्या. पेन्सिलीची रेघ ओढली, करवत ठेवली, तीन हात मारले आणि पुढच्या दृश्यात हातोडीच्या एका टिचकीने सांधा घट्ट बसला. या दोन दृश्यांच्या मधलं काय गेलं? रेघेपर्यंत पटाशीने तासणं, सांधा अर्धा बसवून बघणं, तो कुठे अडतोय ते शोधायला आतून पेन्सिल घासणं, पुन्हा काढून केसभर तासणं. शिकायचं होतं ते एवढंच, आणि नेमकं तेच उडवलेलं असतं. यामागे कुणाचा दुष्ट हेतू असतो असं नाही. प्रेक्षक कोणत्या सेकंदाला व्हिडिओ सोडून जातात याचा आलेख यूट्यूब चॅनेलवाल्याला दाखवतं. मापं घेणं, तासणं, धार लावणं इथे तो आलेख घसरतो, म्हणून पुढच्या व्हिडिओत ते आणखी आखूड होतं. असे आलेख शेजारच्या स्क्रीनवर उघडे ठेवून मी कात्री चालवलेली आहे.

काही खुणा सरळ दिसतात. फळीवरची गाठ किंवा रेषांची नक्षी एका दृश्यात लक्षात ठेवा आणि पुढच्या दृश्यात तीच आहे का ते बघा. नक्षी बदलली तर तुकडा बदललाय, म्हणजे पहिला बहुधा बिघडला. बिघडण्यात काही वावगं नाही. तो का बिघडला हे सांगणारा माणूस मात्र हातचा सोडू नका. लाकूड आवळून धरणाऱ्या क्लॅम्पची जागा बदलली, पेन्सिलीची खूण गायब झाली, शर्ट बदलला, हेही बघा. सगळ्यात मोठी फट बहुतेक वेळा अगदी सुरुवातीला असते: फळ्या आधीच सपाट, चारही बाजूंनी गुण्यात (काटकोनात), एकसारख्या जाडीच्या. वाकडी, पिळलेली फळी त्या अवस्थेला कशी आणायची हे दाखवलेलं नसेल, तर नवख्या माणसाचं अर्धं काम व्हिडिओबाहेरच राहिलं.

दुसऱ्यांदा बघताना आवाज लावा. पटाशी फळीच्या टोकाकडच्या कापावर चालते तेव्हा थांबवून नीट बघा. पाइनसारख्या मऊ लाकडात बोथट पटाशी तंतू चिरडते आणि पांढरट, भुसभुशीत पृष्ठ मागे ठेवते. धारदार पटाशीमागे चकाकी राहते. बोलणारा धारेबद्दल काहीही सांगो, ते पृष्ठ खोटं बोलत नाही.

चित्रीकरण न कापता काम दाखवणं शक्य आहे का, असा प्रश्न पडला तर रॉय अंडरहिल यांचे अमेरिकन सार्वजनिक टीव्हीवरचे भाग बघा. हा माणूस १९७९ पासून जवळजवळ चार दशकं हातहत्यारांनी काम करून दाखवत होता, तेही लांबच लांब सलग चित्रीकरणात. धाप लागलेली दिसते, बोटाला कापलेलंही दिसतं. एडिटर म्हणून माझा जीव खालीवर होतो, पण एखादं काम करायला खरा किती वेळ आणि किती दम लागतो ते तिथे कळतं.

पैसा कुठून येतो

हातातलं काम दाखवून पैसे मिळवण्यात गैर काही नाही. फक्त कोणता पैसा व्हिडिओला कुठे वाकवतो ते ओळखता यायला हवं.

जाहिरातींचा पैसा लांबीला वाकवतो. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात टाकायला यूट्यूबवर पूर्वी किमान १० मिनिटं लागायची, जुलै २०२० पासून ८ मिनिटं लागतात. म्हणून ८ मिनिटं आणि वर थोडे सेकंद असा व्हिडिओ दिसला की आतलं पाणी किती ते मी शोधते. उलट अर्ध्या मिनिटाच्या उभ्या व्हिडिओत आख्खं टेबल उभं राहतं. ते करमणूक म्हणून बघावं.

लिंकचा पैसा हत्यारांच्या संख्येला वाकवतो. अ‍ॅमेझॉनच्या अशा योजनेत तुम्ही लिंक दाबल्यावर २४ तासांच्या आत जे घ्याल त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर चॅनेलवाल्याला कमिशन मिळू शकतं, लिंकमधलीच वस्तू घ्यायला हवी असं नाही. त्यामुळे तुम्हाला दुकानात पाठवणं एवढंच त्याला पुरतं. दोन करवती आणि तीन पटाश्यांत होणाऱ्या कामाला चौदा हत्यारं का लागतात, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

प्रायोजकाचा पैसा दृश्यालाच वाकवतो. माझ्याकडे एका हत्यार कंपनीकडून दृश्यांची यादी यायची: लेबल कॅमेऱ्याकडे, किमान इतके सेकंद, हात लेबलवर नको. ड्रिल धरायची पकड विचित्र वाटली तर हेही कारण असू शकतं. पैसे घेऊन प्रचार केल्याचं चॅनेलने कळवलं असेल तर पहिले काही सेकंद कोपऱ्यात तशी पट्टी दिसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमांप्रमाणे फुकट मिळालेलं हत्यारही जाहीर करावं लागतं. सगळेच ते करतात असं नाही.

यावर माझी आवडती तपासणी एकच. 'आजवरचं सर्वोत्तम' म्हणून गाजवलेलं हत्यार त्याच चॅनेलच्या वर्ष-दोन वर्षांनंतरच्या व्हिडिओंत शोधा. मागच्या भिंतीवर आहे का? त्याच्यावर ओरखडे, गोंदाचे डाग, मुठीवर हाताचा काळपटपणा आलाय का? की भिंतीवर आता दुसऱ्याच रंगाची रांग आहे? बाकी परीक्षणं ऐकण्यात वेळ घालवायची गरज उरत नाही.

स्वतःचे आराखडे किंवा स्वतःचे वर्ग विकणारा मला यात सगळ्यात बरा वाटतो. आराखड्यातलं माप चुकलं तर बोंब त्याच्याच दारात होते. कॅनडातले मॅथियास वँडेल मूळचे इंजिनिअर. लाकडाचा बँडसॉ (पट्ट्यासारखं पातं फिरवणारं करवतयंत्र) बनवून त्याचे आराखडे विकतात आणि सांधे यंत्रावर मोडून कोणता किती भाराला तुटला ते मोजून दाखवतात. ब्रिटिश सुतार पॉल सेलर्स मोजक्या हातहत्यारांवर सगळं काम करतात, त्यांचेही पैसे देऊन बघायचे वर्ग आहेत. दोघांची पद्धत एकमेकांपासून कोसभर लांब, तरी दोघांकडेही 'हे असं का' याचं उत्तर मिळतं.

वर्षभरानंतरचं टेबल

व्हिडिओची कमाई पहिल्या काही आठवड्यांत जोरात होते आणि लाकूड फाटतं ते ऋतू बदलल्यावर. म्हणून रुंद, भरीव लाकडाचं टेबल करणारा कुठलाही व्हिडिओ एकाच प्रश्नावर पारखता येतो: वरची फळी खालच्या चौकटीला कशी जोडली?

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत फरक नगण्य पडतो, रुंदीत चांगला पडतो. वाढीच्या कड्यांच्या दिशेने होणारं आकसणं कड्यांना आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. साग तसा शांत समजला जातो, तरी ओला असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत तो कड्यांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि आडव्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. साधा हिशोब करू. लाकडातला ओलावा एका टक्क्याने बदलला की रुंदी जवळपास ०.२ टक्के बदलते. ६० सेंटिमीटर रुंद फळी आणि ऋतूंमधला ४ टक्क्यांचा फरक धरला, तर ती फळी जवळपास ५ मिलिमीटर हलणार. तिला गोंद लावून चौकटीला जखडलं तर ती फुटेल, नाहीतर चौकट ढकलेल. स्क्रूची भोकं लांबट ठेवली, किंवा खोबणीत सरकणारे लाकडी ठोकळे लावले, आणि ते का लावले हे सांगितलं, तर माणूस जाणकार आहे. प्लायवूडला हा नियम फारसा लागत नाही. म्हणूनच प्लायवर जमलेली युक्ती भरीव फळीवर तशीच सांगणारे व्हिडिओ घात करतात.

प्रयोगांच्या व्हिडिओंत शीर्षक आणि निष्कर्ष वेगळे ठेवा. २०२१ मध्ये एका प्रयोगाने बरीच खळबळ उडवली: टोकाला टोक चिकटवलेला सांधा, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या कडेला कड चिकटवलेल्या सांध्यापेक्षा जास्त भाराला तुटला. कारण कडेच्या सांध्यात गोंदाआधी लाकूडच तंतूंच्या रेषेवर चिरतं. लोकांनी त्यातून 'टोकं बिनधास्त चिकटवा' एवढंच उचललं. पण लांब फळी तिच्या लांबीत जितकी मजबूत असते त्यापुढे तो सांधा दुबळाच ठरतो, आणि व्हिडिओत तेही होतं. शेवटपर्यंत बघितल्याशिवाय असा व्हिडिओ दुसऱ्याला पाठवू नका.

जिथे व्हिडिओ लगेच बंद करायचा

मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळणारे व्हिडिओ. तिथे सुमारे २००० व्होल्ट असतात आणि या उद्योगात ३०हून अधिक लोक गेले आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही लेथवर लाकूड घडवणाऱ्यांची संघटना आपल्या कार्यक्रमांत हा प्रकार करू देत नाही आणि आपल्या प्रकाशनांत छापत नाही. यात 'काळजी घेऊन करा' असला सल्लाही मी देणार नाही.

टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेल्या करवतीवर, 'नीट दिसावं म्हणून गार्ड (पात्यावरचं झाकण) काढलाय' हे वाक्य एखाद्या दृश्यापुरतं चालेल. पण पात्याच्या मागची रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी, तीही गायब असेल आणि प्रत्येक व्हिडिओत तसंच दिसत असेल, तर तो माणूस रोज तसंच काम करतो. कापलेली फट मिटून लाकूड पात्याच्या मागच्या बाजूला अडकलं की ते तुमच्या पोटाकडे उलटं फेकलं जातं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकणारा व्हिडिओही तसाच: ती फडकी आपोआप तापून पेट घेतात. ती पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीच्या, लाकडावर HT शिक्का म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, MB म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. दुसरं घरात आणू नका. भुश्शाबद्दल व्हिडिओंत कुणी फार बोलत नाही, पण लाकडाची धूळ १९९५ पासून माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे. पॉलिश पेपर मारताना मास्क लावाच.

बघितलेलं हातात उतरवायचं तर

दोनदा बघून झालं की स्क्रीन बंद करा आणि वहीत पायऱ्या आठवून लिहा. कोणती बाजू आधी सपाट केली, मापं कोणत्या कडेवरून घेतली, गोंद कधी, रंग कधी. पेन अडेल तिथे परत जाऊन बघा. व्हिडिओत ते आहे आणि तुमच्या नजरेतून सुटलं, तर लिहून घ्या. व्हिडिओतच नसेल, तर फक्त त्याच कृतीवरचा दुसरा व्हिडिओ शोधा, अख्ख्या टेबलाचा नको. मग रद्दी तुकड्यावर तेवढीच कृती करा, चांगल्या फळीला हात न लावता.

धार लावण्याच्या बाबतीत मात्र एकच गुरू धरा. कुणी दगड सांगतं, कुणी हिऱ्याच्या पट्ट्या, कुणी काचेवर चिकटवलेला पॉलिश पेपर. कुणी २५ अंशांवर घासून टोकाला ३० देतं, कुणी सरळ हाताने गोलसर कड ठेवतं. सगळ्याच पद्धतींनी दाढी करता येईल इतकी धार येते. दर आठवड्याला पद्धत बदलली तर एकीनेही येत नाही, आणि नवा दगड विकणाऱ्याचं तेवढं फावतं.

वर्ग किंवा आराखडा विकत घ्यायचा झाला तर आधी त्याच माणसाचे फुकटातले दोन-तीन व्हिडिओ वर सांगितल्याप्रमाणे तपासा. आराखड्याचं नमुना पान मागा. त्यावर तुकड्यांची यादी, प्रत्येकाची तिन्ही मापं आणि लाकडाची रेषा कोणत्या दिशेने ठेवायची याचा बाण असायला हवा. रेषेचा बाण नसेल तर पैसे देऊ नका.