मुंबईचे बाजार: आधी वार आणि वेळ, मग पिशवी

शुक्रवारी दुपारी चोरबाजारात गेलात तर बंद शटरं दिसतील. सकाळी दहाला ससून डॉकवर पोचलात तर लिलाव कधीच आटोपलेला असेल. मुंबईचे बाजार ठिकाणावर कमी आणि घड्याळावर जास्त चालतात, म्हणून बेत आखताना नकाशाआधी कॅलेंडर उघडावं.

मासळी: पहाटे पाच

कुलाब्याचा ससून डॉक १८७५ सालचा. माझगावचा भाऊचा धक्का डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ पडतो. दोन्हीकडे पहाटेच्या अंधारात पाट्यांचा लिलाव चालतो. घरगुती गिऱ्हाइकानं त्यात तोंड घालू नये. तिथे माल पाटीनंच उचलावा लागतो, शिवाय बोली पुकारणाऱ्यांचा खोळंबा होतो. पाटी घेऊन लगेच बाजूला बसणाऱ्या कोळणी ती फोडून वाटे लावतात, त्यांच्याकडे घ्या.

वारावर भाव ठरतो. रविवार, बुधवार, शुक्रवार हे खाणाऱ्यांचे वार, तेव्हा भाव चढा. सोमवार, गुरुवार, शनिवार किंवा चतुर्थीला निम्म्या घरांत वशाट बंद, त्या दिवशी तोच माल बराच उतरतो. श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी मात्र जाऊच नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. या काळात ‘आजचंच आहे’ म्हणून मोठं पापलेट दाखवलं तर ते बहुधा बर्फातलं समजा.

पारख करताना मासा हातात घ्या. कल्ला उचलून आत लालभडक रंग आहे का पाहा. तपकिरी असेल तर खाली ठेवा. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग दाबला की पांढरट पाणी यायला हवं. अंगठ्यानं दाबलेला खड्डा लगेच भरून आला पाहिजे. बोंबील चकचकीत आणि तोंडाशी गुलाबी हवेत. चिंबोरी उचलून वजन बघा: दिसायला मोठी आणि हाताला हलकी म्हणजे आत पोकळ. अमावस्येच्या आसपास चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेला रिकाम्या असतात, हा कोळणींचाच हिशेब आहे. त्यांनाच विचारा, ‘मावशी, आज भरलेल्या मिळतील का?’ पहिलं गिऱ्हाईक असाल तर घासाघीस लांबवू नका. भाव पाडून निघून गेलात तर भवानी बिघडते आणि दोन शब्द ऐकावे लागतात, ते रास्तच.

पायात रबरी चपला किंवा गमबूट घाला, कॅनव्हासचे बूट पुन्हा घालण्यासारखे राहत नाहीत. मागून ‘बाजू, बाजू!’ ऐकू आलं की वळून न बघता सरका, हातगाडीला ब्रेक नसतो. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. घर लांब असेल तर जितकी मासळी तितका बर्फ, झाकणाच्या डब्यात. लोकलमध्ये मालडब्यातच चढा.

आंबा, भाजी

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ची. सीएसएमटीहून चालत दहा मिनिटं. तिथला हापूस पेटीनं घेताना दोन गोष्टी पाहा. पेटीत डझन जितके जास्त तितकं फळ लहान, म्हणून किंमत विचारण्याआधी ‘किती डझनाची?’ विचारा. आणि खालचा थर उघडून दाखवायला लावा, वरचा थर नेहमीच देखणा असतो. देठाजवळ वास येत नसेल आणि साल मात्र एकसारखी पिवळी असेल तर फळ रसायनानं पिकवलेलं असण्याची शक्यता मोठी.

२०१६ मध्ये फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून मोकळी झाली, तेव्हापासून शहरात शेतकरी आठवडी बाजार वाढले. मात्र तिथे बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. एकाच टेबलावर किवी, सफरचंद आणि मेथी दिसली तर तो व्यापारी. शेतकऱ्याकडे चार-पाच जिन्नस, आकार लहानमोठा, मुळांना माती. ‘काल किती वाजता काढली?’ याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

चोरबाजार

मटण स्ट्रीटची दुकानं साधारण अकरानंतर उघडतात आणि शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी पहाटे फूटपाथवर जुम्मा बाजार भरतो, तो उन्हं चढेपर्यंत उरकतो. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनावर उतरा. सोबत भिंग, लोहचुंबक, टॉर्च आणि सुटे पैसे.

चुंबक चिकटला तर ‘पितळी’ समईवर नुसता मुलामा आहे. खरी जुनी समई हात लागतो तिथे उजळ आणि खाचांत काळी असते. सगळीकडे सारखा हिरवट रंग म्हणजे अ‍ॅसिडची करामत. सिनेमाच्या पोस्टरवर घडीची रेघ दिसली तर तिच्यावरून बोट फिरवा. डोळ्यांना दिसते पण बोटाला लागत नाही, म्हणजे घडीसकट छापलेली नवी प्रत. घड्याळांत ‘मुंबई स्पेशल’ हा प्रकार संग्राहकांत बदनाम आहे: जुनं एचएमटी यंत्र, वर नव्यानं रंगवलेली तबकडी. भिंगाखाली अक्षरं जाड आणि पसरट दिसतात. झिजलेल्या केसमध्ये करकरीत तबकडी दिसली की समजून जा. चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन बहुतेक नवेच. शोभेला हवा असेल तर शोभेचे पैसे द्या. ऐकायला हवा असेल तर चावी भरून ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डची एक बाजू पूर्ण वाजवायला लावा. मध्येच सूर ढेपाळला तर स्प्रिंग गेलेली आहे.

जे हवं त्याची किंमत पहिल्यांदा विचारू नका. आधी शेजारच्या दोन वस्तू हाताळा, मग सहज विचारल्यासारखं विचारा. सांगितलेल्याच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू करा. ‘चलो, ले जाओ’ म्हटल्यावर मागे फिरणं इथे उद्धटपणा समजतात.

बिलाशिवाय मोबाइल घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं गुन्हा आहे. ‘केवायएम’ लिहून पुढे आयएमईआय क्रमांक टाकून १४४२२ला एसएमएस केला की फोन ब्लॉक झालेला आहे का ते कळतं. हस्तिदंती वस्तू नकोच. परदेशी राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

लालबाग, मार्च ते मे

मसाल्याच्या गल्लीत मिरची घ्या, देठ खुडून घ्या आणि तिथेच डंकावर कुटून घ्या. मालवणी बेताला एक किलो मिरचीत अर्धा किलो बेडगी, पाव किलो काश्मिरी रंगाला आणि पाव किलो संकेश्वरी झणक्याला. धणे अर्धा किलो. मिरची वाकवून बघा, कडकन मोडली नाही तर ओल आहे आणि मसाल्याला बुरशी येणार. डंकापाशी उभं राहा, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला तुमच्यात मिसळेल. कुटलेला मसाला गरम असतो. घरी कागदावर पसरून पूर्ण निवू द्या, मग कोरड्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे दोन खडे ठेवा.