सायकल घेऊन बोटीनं समुद्रापार: हॅरिच ते हुक ऑफ हॉलंड

मुंबईहून युरोपला जाणारी नियमित प्रवासी बोट आज नाही. पण सायकलनं युरोप फिरायचं असेल आणि सुरुवात लंडनहून असेल, तर पुढचा समुद्र विमानानं ओलांडायची गरज नाही. विमानासाठी पेडल काढा, हँडल फिरवा, चाकांतली हवा कमी करा, सगळं खोक्यात भरा, आणि उतरल्यावर ते खोकं टाकायचं कुठे हा प्रश्न. बोटीत सायकल जशी आहे तशी ढकलत न्यायची आणि तशीच ढकलत उतरवायची. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ही वाट उंबरठ्यापाशीच आहे.

इंग्लंडहून निघणारे मार्ग बरेच आहेत. डोव्हर ते कॅले दीड तासात होतं. न्यूहेवन ते दिएप्प सुमारे चार तास, आणि दिएप्पहून आव्हेन्यू व्हेर्त हा सायकलमार्ग थेट पॅरिसला जातो. न्यूकॅसलहून ॲमस्टरडॅमजवळच्या आयमौडनला जायला एक अख्खी रात्र लागते. पहिल्याच सफरीसाठी मात्र इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हॅरिच ते नेदरलँड्समधलं (म्हणजे हॉलंडमधलं) हुक ऑफ हॉलंड हाच मार्ग घ्यावा. बोटी प्रचंड आहेत, सुमारे 240 मीटर लांबीच्या, त्यामुळे हेलकावे कमी जाणवतात. आणि बंदराबाहेर पडलं की सायकलचा वेगळा रस्ता तयार असतो. सकाळची बोट संध्याकाळी पोचते, रात्रीची सकाळी. रात्रीची घ्या. केबिन घ्यावीच लागते, पण झोप होते आणि पुढचा अख्खा दिवस सायकलला मिळतो. सकाळच्या बोटीनं गेलात तर अनोळखी देशात संध्याकाळी तंबूची जागा शोधत फिरावं लागतं.

तिकीट काढताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘पायी प्रवासी’ म्हणून तिकीट काढणं आणि सायकलचं धक्क्यावर बघू असं ठरवणं. सायकल हे वाहन आहे. तिकिटात वाहनाच्या जागी सायकल निवडा, दोघं असाल तर दोन्ही सायकली नोंदवा. जोडसायकल, ट्रेलर किंवा बॅटरीची सायकल असेल तर आधी कंपनीला विचारा. बॅटरीची सायकल वाहनांच्या डेकवर, म्हणजे बोटीत वाहनं ठेवायच्या मजल्यावर, चार्ज करायला मिळत नाही, म्हणून ती आदल्या मुक्कामी भरून घ्या. कॅम्पिंगच्या गॅस डब्यांचे नियमही कंपनीगणिक वेगळे असतात. डबे किती चालतील ते आधी विचारा आणि तपासणीत विचारलं तर लपवू नका.

भारतीय पासपोर्ट असेल तर सगळ्यात जास्त वेळ कागदांना द्या. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा; दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. ब्रिटनला फक्त फिरायला आलेल्यांना तिथून हा व्हिसा मिळवणं अवघड जातं, तेव्हा भारतातूनच काढून निघा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा हवा. सायकलवाल्यांचं घोडं अडतं ते मुक्कामांच्या पुराव्यापाशी. रोज कुठून कुठे, किती किलोमीटर, कोणत्या कॅम्पसाइटवर, असा दिवसवार तक्ता जोडा. परतीच्या वाटेवर ब्रिटनचा व्हिसा चालू आणि पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हेही बघा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या इ-व्हिसाला (ब्रिटनच्या ऑनलाइन व्हिसा नोंदीला) सध्याचाच पासपोर्ट जोडलेला आहे याची खात्री निघण्याआधी करावी. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. डोव्हरला फ्रेंच तपासणी बोटीत चढण्याआधीच होते; हॅरिचहून निघालात तर डच तपासणी पलीकडे उतरल्यावर होते. बॅगा काढाव्या न लागता पासपोर्ट हाताशी येईल असा ठेवा.

खाऊचंही आधीच बघा. ब्रिटनहून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि येतानाही बंदी आहे. म्हणजे तूप, पनीर, चीज, पेढे घरीच. शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, चिवडा खुशाल न्या. चाकूही बघून घ्या: ब्रिटनमध्ये तीन इंचांपेक्षा लहान पात्याचा, उघडल्यावर न अडकणारा घडीचा चाकूच काही कारण नसताना जवळ बाळगलेला चालतो.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून हॅरिच इंटरनॅशनलला जायला बहुतेक वेळा मॅनिंगट्रीला गाडी बदलावी लागते. सायकलची जागा आधी राखावी लागते का, ते त्या गाडीपुरतं तपासा. स्टेशन टर्मिनलला लागून आहे, पण सायकलवाल्यांनी आतल्या प्रवासी दारानं जायचं नाही. बाहेरच्या रस्त्यानं मोटारींच्या रांगेत जायचं. बोट सुटण्याआधी किमान दीड तास पोचा. रात्रीच्या बोटीसाठी मागचा-पुढचा दिवा आणि चमकणारं जाकीट हवंच. रांगेत शेजारी चाळीस टनांचे ट्रक उभे असतात, आणि उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला अगदी जवळची सायकल दिसतच नाही.

कर्मचाऱ्यानं खूण केल्याशिवाय हलू नका. बोटीत चढायचा उतार पोलादी असतो, वर उंचवट्यांची नक्षी, सांध्यांत फटी, आणि बहुधा पाणी किंवा तेल सांडलेलं. ओहोटीला उतार आणखी बदलतो. इथे सायकल चालवू नये, ढकलावी. सांधा ओलांडताना चाक काटकोनात न्या. तिरपं गेलं तर फटीत बसतं आणि भरलेली सायकल आडवी होते.

समुद्र खवळल्यामुळे सायकल मोडते, हा समज चुकीचा आहे. मोडते ती ढिल्या बांधणीनं आणि शेजारच्या सायकलीच्या पेडलनं. डेकवर मिळणारी दोरी बरेचदा ग्रीसनं माखलेली असते, म्हणून स्वतःचे पट्टे न्या: 25 मिलिमीटर रुंद, दोन मीटर लांब, साध्या बकलचे, न ताणणारे दोन पट्टे. शिवाय जुन्या ट्यूबचे कापलेले दोन पट्टे, ट्यूबचाच वीतभर तुकडा आणि एक जुनं फडकं. कॅरिअरची ताणणारी हुकवाली रबरी दोरी इथे कामाची नाही. प्रत्येक हेलकाव्याला ती थोडी ताणते, सायकल तेवढी झुलते, आणि झुलत झुलत शेजारणीवर आदळते.

आधी डाव्या बाजूची पॅनियर, म्हणजे कॅरिअरला लटकवलेली बॅग, काढा. चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर घ्या, म्हणजे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) आत सरकतो. सायकल डाव्या कुशीवर कठड्याला टेकवा, कारण चेन आणि डिरेलर उजवीकडे असतात. कठडा आणि फ्रेम जिथे भिडतात तिथे फडकं घाला. पुढचा ब्रेक दाबून ट्यूबच्या पट्टीनं हँडलला घट्ट गुंडाळा. चाक मागेपुढे सरकणं बंद होतं. पहिला पट्टा सीटखालच्या नळीला आणि कठड्याला, दुसरा पुढच्या चाकाच्या रिमला, फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीला आणि कठड्याला मिळून. रिम नळीला घासते तिथे ट्यूबचा तुकडा. या दुसऱ्या पट्ट्यामुळे हँडल फिरत नाही; बहुतेक सायकली पडतात त्या हँडल फिरल्यानंच. पट्टा हातानं आवळा, कटकट आवाज करणाऱ्या रॅचेटनं नको, त्यानं पातळ नळी चेपते. स्टँड वर करून ठेवा. आता सीट धरून जोरात हलवा. दोन बोटांपेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. साखळीकुलूप लावून बोटीला जखडू नका. अडचणीच्या वेळी कर्मचाऱ्यांना सायकल हलवता आली पाहिजे. आणि डिस्क ब्रेकच्या तबकडीला डेकवरचा तेलकट हात लावू नका, ब्रेक नीट लागत नाही.

बोट सुटली की वाहनांचे डेक बंद होतात, मधेच खाली जाता येत नाही. दात घासायचा ब्रश, औषधं, चार्जर, पासपोर्ट, गरम कपडा एका पिशवीत वेगळा काढून ठेवा. डेकचा नंबर आणि जिन्याच्या दाराचा फोटो काढा. सकाळी सगळे जिने सारखेच दिसतात.

बोट लागत असेल तर केबिन शक्यतो मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या. उलटीवरची गोळी बोट सुटण्याआधी तासभर घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. ॲव्होमिनसारख्या गोळीनं झोप येते, रात्रीच्या बोटीला ते बरंच. पण सकाळी गुंगी उरली असेल तर ती पूर्ण उतरल्यावरच सायकलवर बसा. आधीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

पोचल्यावर घोषणा झाल्याशिवाय खाली जाऊ नका, आणि ट्रकांची इंजिनं सुरू झाली म्हणून घाई करू नका. पट्टे सोडा, ब्रेकची पट्टी काढायला विसरू नका, पॅनियरचे हुक बसले का ते ओढून बघा.

यानंतर खरा धोका रस्त्यावर. भारत आणि ब्रिटन डावीकडून चालतात, हॉलंड उजवीकडून. रिकाम्या रस्त्यावर आणि वळल्यानंतर सवयीनं डावीकडे जायला होतं. आरसा उजवीकडे असेल तर बंदरातच डावीकडे बसवा. निळ्या गोलात पांढरी सायकल दिसली की त्याच मार्गानं जायचं. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबून समोरच्याला वाट द्यायची.

हुकहून पूर्वेला नदीकाठानं निघालात तर काही किलोमीटरवर मास्लांटकेरिंग लागतं, 1997 साली सुरू झालेलं समुद्राच्या उधाणाला अडवणारं अजस्र दार. ते थांबून बघावं असंच आहे. तिथून मासस्लाउस गावावरून रॉटरडॅम, एकूण सुमारे 30 किलोमीटर. उत्तरेला वाळूच्या टेकड्यांमधून हेग साधारण 20 किलोमीटर. या किनाऱ्यावर वारा बहुतेक नैर्ऋत्येचा असतो, म्हणून वाटचाल दक्षिणेकडून उत्तरेकडे आखा. उलटं गेलात तर सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखे पाय भरून येतात. थकलात तर हुकहून रॉटरडॅमला मेट्रो आहे, तिच्यात सायकल नेता येते, फक्त सोमवार ते शुक्रवार गर्दीच्या वेळेत नाही.

पहिल्या मुक्कामी गोड्या पाण्याच्या फडक्यानं फ्रेम, नट आणि स्पोक पुसा, चेन कोरडी करून तेलाचे थेंब सोडा आणि जास्तीचं तेल पुसून घ्या. खारं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी चेनवर तांबूस गंज दिसतो.