पीसी घ्यायचा की कन्सोल? पाच वर्षांचा हिशेब करताना या चुका टाळा

चवथीच्या ऑफर सुरू झाल्या की पणजी, म्हापसा, फोंडा, कुठल्याही दुकानात गेलात तरी हाच प्रश्न कानावर येतो, पीसी परवडतो की प्लेस्टेशनसारखा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा? आणि उत्तर देणारा फक्त डब्यावरची किंमत सांगून मोकळा होतो. खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो, त्यामुळे घरच्यांचे पैसे घालण्याआधी जरा नीट बसून आकडे मांडा.

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे गेमचे पैसे न धरणं. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्क न चालणारा, ३९,९९० रुपयांना होता, आणि सोनीचे स्वतःचे मोठे गेम तेव्हाच ४,९९९ ला होते. आता वर्षाला असे ३ गेम नवेकोरे घेतले तर ५ वर्षांत साधारण ७५ हजार झाले, म्हणजे कन्सोलपेक्षा गेमच महाग! पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुने गेम निम्म्या किंवा पाव किमतीत मिळतात, एपिक हे दुसरं दुकान तर दर आठवड्याला काही ना काही फुकट देतं. सेल प्लेस्टेशनच्या स्टोअरवरही लागतात हे खरं, पण पीसीला दुकानं अनेक आहेत, म्हणून भाव पडतात.

याच्यावर कन्सोलवाल्यांकडे एक चांगला उपाय आहे, डिस्क. खेळून झाली की विकायची, मित्राशी बदलायची, जुनी विकत घ्यायची. चार मित्र मिळून हे करत असाल तर वरचा ७५ हजारांचा आकडा खूप खाली येतो. म्हणूनच सुरुवातीला १० हजार वाचवायला डिजिटल मॉडेल घेणं मला अजिबात पटत नाही, ते १० हजार दोन-तीन वर्षांत परत निघून जातात.

दुसरं, ऑनलाइन खेळायची फी. प्लेस्टेशनवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस हे सोनीचं सबस्क्रिप्शन लागतं, फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला लागत नाही, आणि पीसीवर अशी वेगळी फी नसते. प्लसमध्ये 'मिळालेले' गेम सबस्क्रिप्शन बंद केलं की खेळता येत नाहीत, म्हणजे ते भाड्याचेच समजा. आणि आजचा दर धरून पाच वर्षांचा गुणाकार करू नका, हे दर वाढतात, एक्सबॉक्सच्या गेम पास सबस्क्रिप्शनचे ऑक्टोबर २०२५ मध्ये केवढे वाढले ते बघितलंच आपण.

पीसीवाले काय चुकतात? 'नंतर अपग्रेड करू' म्हणून आज काहीही घेतात. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, नीट निवडला तरच अपग्रेड स्वस्तात होतं. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचं (बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा) उदाहरण बघा, २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर चालला, म्हणजे बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं तेच राहिलं. उलट चुकीचा बोर्ड घेतला तर प्रोसेसरबरोबर बोर्ड आणि कदाचित रॅमही बदला, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते विचारूच नका. ५ वर्षांत एक ग्राफिक्स कार्ड बदलावं लागणार हे आधीच धरा, जुनं विकून जे येईल ते वजा करा. घरात अभ्यासाला किंवा कामाला कॉम्प्युटर तसाही घ्यायचाच असेल तर मात्र गणितच बदलतं, तेव्हा फक्त गेमिंगसाठी जो जास्तीचा खर्च आहे तेवढाच कन्सोलशी तोलायचा.

वीजबिलाला लोक उगाच घाबरतात. ७५० वॅटचा पॉवर सप्लाय म्हणजे पीसी सतत ७५० वॅट ओढतो असं नाही. खेळताना पीसी ४०० आणि पीएस५ साधारण २०० वॅट धरा, रोज ३ तास खेळलं तर महिन्याला फरक १८ युनिटचा. युनिटला ५ रुपये धरले तर महिन्याला ९० रुपये, ५ वर्षांत ५,४०० रुपये. हिशेबात घ्या, पण यावरून निर्णय करू नका.

आपल्या गोव्यातला पाऊस आणि लाईट

हा खर्च बाहेरच्या यूट्यूबरच्या हिशेबात कधीच नसतो. पावसाळ्यात लाईट ये-जा करते म्हणून यूपीएस घेतात, तोही ६०० व्हीएचा, जो साधारण ३६० वॅटच देतो. मग गेम चालू असताना लाईट गेली की ओव्हरलोड होऊन यूपीएससकट सगळं बंद, आणि लोक म्हणतात यूपीएस खराब आहे. पीसीला किमान १००० व्हीए बघा, कन्सोल आणि टीव्हीला ६०० वर सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. यूपीएसची बॅटरी २-३ वर्षांत बदलावी लागते, तेही मांडा.

डिचोली-सांखळीकडे रस्त्यालगतच्या घरात कॅबिनेटचं फिल्टर काढून बघा, तांबड्या मातीचा असा थर बसलेला असतो की पंख्याला हवाच मिळत नाही, आणि पोरगा ग्राफिक्स कार्ड गेलं म्हणून नव्याचे भाव विचारत फिरतोय! आधी साफ करा. पावसात महिनाभर बंद राहिलेल्या पीसीवर डिस्प्ले आला नाही तर प्लग काढून रॅम बाहेर काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसून परत बसवा, पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं. पीएस५ च्या बाजूच्या पट्ट्या काढून धूळ ओढून घ्या, पण त्याच्या आत जाऊ नका, आत चिप थंड ठेवायला लिक्विड मेटल (पातळ धातू) आहे, सांडलं तर बोर्डच जाईल.

वीज कडाडायला लागण्याआधी नुसता प्लग काढून भागत नाही, लॅनची (इंटरनेटची) वायर आणि टीव्हीला आलेली केबलची वायरही काढा, तिथूनसुद्धा करंट आत येतो आणि लॅन किंवा एचडीएमआय पोर्ट उडतो. जुन्या घरात असाल तर खरेदीच्या आधीच इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते काम आधी करा, कार्डाचं नंतर बघू.