रुग्णांचे केसपेपर: नोंद कशी करावी, किती वर्षे ठेवावी, प्रत कोणाला द्यावी

रुग्ण घरी गेला की त्याचे इनडोअर पेपर गठ्ठ्यात बांधून माळ्यावर टाकायचे, ही पद्धत अनेक लहान नर्सिंग होममध्ये अजूनही आहे, आणि ते कागद शोधायची वेळ येते ती बहुधा तक्रारीची नोटीस हातात पडल्यावर. महाराष्ट्रात खासगी व्यवसाय करणाऱ्या ॲलोपॅथिक डॉक्टरांनी या कागदांबाबत कायद्याने काय करायचे असते, ते येथे मांडले आहे.

मूळ आधार आहे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेचा. या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. त्यांनुसार दाखल रुग्णाची नोंद ठरवून दिलेल्या नमुन्यात, उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. मात्र तीन वर्षे ही किमान मर्यादा आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असली तरी सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, रुग्णाच्या बाबतीत दिवाणी दाव्याची तीन वर्षांपर्यंतची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते. म्हणून प्रसूतीचे, नवजात शिशूंचे आणि मुलांचे कागद मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलीस केसचे किंवा न्यायालयात प्रकरण चालू असलेले कागद अंतिम निकाल लागेपर्यंत हलवू नयेत. तीन वर्षांचा नियम दाखल रुग्णांपुरता आहे. तरीही ओपीडीची निदान थोडक्यात नोंद स्वतःजवळ असावी.

नोंद उपचाराच्या वेळीच करावी आणि प्रत्येक नोंदीखाली तारीख, वेळ व सही असावी. चूक झाल्यास मूळ शब्द वाचता येतील अशी एकच रेघ मारून बाजूला दुरुस्ती लिहावी व सही करावी. व्हाइटनर लावलेला किंवा नंतर घुसवलेला मजकूर उलटतपासणीत डॉक्टरांचा प्रामाणिक बचावसुद्धा संशयास्पद करून टाकतो. संमतीपत्रावर नेमक्या शस्त्रक्रियेचे नाव रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहावे. तपासणीसाठी घेतलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितले आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रांचे रजिस्टर वेगळे ठेवावे, त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि किमान एक ओळखखूण नोंदवावी, आणि दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत जपावी.

रुग्णाने, त्याच्या अधिकृत नातेवाइकाने किंवा कायदेशीर यंत्रणेने कागद मागितल्यास अर्जाची पोच द्यावी आणि ७२ तासांत कागद द्यावेत. नकार देणे हे गैरवर्तन ठरते. बिल थकले आहे म्हणून प्रत अडवून धरण्याची मुभा या नियमात कोठेही नाही, आणि गोपनीयतेचे कारण पुढे करून खुद्द रुग्णालाच त्याचे कागद नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे. पोलिसांना मूळ कागद द्यावे लागले तर लेखी मागणीपत्र घ्यावे, प्रत्येक पानावर क्रमांक घालून संपूर्ण संचाची झेरॉक्स ठेवावी आणि पानांच्या संख्येसह पोच घ्यावी. इतर कोणालाही, मग तो नोकरी देणारा मालक असो की शेजारी, रुग्णाच्या संमतीवाचून माहिती देऊ नये. न्यायालयाचा आदेश, अधिसूचित आजार आणि विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका एवढेच अपवाद आहेत.

सोनोग्राफी केंद्र असेल तर सर्वाधिक काळजी फॉर्म एफची, म्हणजे प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीच्या विहित नमुन्याची, घ्यावी. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्यात अपुरी किंवा चुकीची नोंद हीच कायद्याचा भंग मानली जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार डॉक्टरांवर असतो. ही केवळ कारकुनी चूक आहे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केला नाही. त्यामुळे फॉर्म भरण्याचे काम स्वागतकक्षावर सोडून स्वतः फक्त सही करणे फार धोक्याचे आहे. मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पोहोचवावा आणि नोंदी दोन वर्षे, खटला असल्यास निकालापर्यंत, ठेवाव्यात.

गर्भपाताचे प्रवेश रजिस्टर हा गोपनीय दस्तऐवज असून ज्या वर्षाचे रजिस्टर असेल ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षे तो ठेवायचा असतो. स्त्रीचे नाव फक्त त्याच रजिस्टरमध्ये लिहावे. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर आणि इतर सर्व कागदांवर तिचा वर्षनिहाय अनुक्रमांकच यावा. हे रजिस्टर कुलूपबंद कपाटात असावे, कारण नाव उघड करणाऱ्याला २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

संगणकीय नोंदी चालतात, पण त्या न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. म्हणून नोंद कोणी, कधी केली व बदलली याचा माग ठेवणारीच प्रणाली घ्यावी.

मुदत संपलेले कागद काढताना आधी प्रलंबित प्रकरणांची खात्री करावी, नष्ट करायच्या केसपेपरची यादी सहीनिशी ठेवावी आणि कागद यंत्राने बारीक कापून टाकावेत. रद्दीवाल्याला गठ्ठे विकू नयेत; एखाद्या स्त्रीचा तपासणी अहवाल भेळेच्या पुड्याला लागलेला दिसणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.